‘बस’ म्हटलं की बसायचं

उस्तादांनी मला पहिला हुकूम दिला तेव्हा मी चक्क खाली बसले. खडीवर, मांडी घालून, रिकामी रायफल दोन्ही हातांत आडवी धरून. आजूबाजूला बाकीचे चौघे ताठ उभे, आणि मी मात्र पंगतीत पान वाढायची वाट बघत असल्यासारखी.

ते ओरडले होते, "बस!" आता पुण्याच्या शाळेत वाढलेल्या बाईला कुणी दरडावून "बस!" म्हटलं तर ती बसणार नाही तर काय करणार? पण उस्तादांचा ‘बस’ म्हणजे पुरे, थांबा, बोट चापावरून काढा. हा शब्द त्यांनी फार विचार करून निवडला होता. आमच्या तुकडीत सालेम हा ओमानी इंजिनिअर, वर्गीस हा केरळचा नर्स आणि दोन अबोल पाकिस्तानी भाऊ. अरबीत ‘बस’ म्हणजे पुरे, उर्दूत पुरे, हिंदीत पुरे, आणि वर्गीसनं गल्फमध्ये वीसेक वर्षं काढलेली, त्यामुळे त्यालाही पुरे. त्या शब्दावर बसकण मारणारी अख्ख्या तुकडीत मी एकटी मराठी. आणि गंमत म्हणजे शिकवणाराही मराठीच!

उस्ताद माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. मेंदी लावलेली केशरी दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कानावर लावायचे ते जाडजूड इयरमफ.

"कुठली गो तू, बाय?"

"पुण्याची."

"तरीच," ते म्हणाले आणि उठून सगळ्यांकडे वळले. "ये भी सही है. बैठा हुआ आदमी गोली नहीं मारता. जिसको बैठना है, बैठो."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पुढे त्यांचा लळा लागला आणि राग यायचा तो येतच राहिला. काही माणसांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी सुखानं एकत्र नांदतात.

या भानगडीत मी पडले त्याला कारण कॉलेजातलं एनसीसी. तिथं छऱ्याच्या बंदुकीहून थोडी मोठी रायफल हाताळली होती आणि माझा नेम चांगला आहे असं एका मॅडमनी म्हटलं होतं. मस्कतला येऊन संसार, नोकरी, मुलीची शाळा यांत ते कौतुक कुठंतरी अडगळीत गेलं. मग वादी अदाईपलीकडे, आमरातच्या डोंगरांत, एका क्लबात सामान्य माणसांना रायफल शिकवतात असं कळलं. पहिला टप्पा मी एका दुसऱ्या शिक्षकाकडे, शिट्टीच्या तालावर पार पाडला. दुसऱ्या टप्प्याचं नाव भारदस्त होतं, ‘डिफेन्सिव्ह रायफल, इंटरमीजिएट’. नवरा म्हणाला, "अगं, बचाव कोणापासून? इथे लोक गाडी चालू ठेवून दुकानात दूध आणायला जातात."

प्रश्न रास्त होता. रायफली क्लबच्या, गोळ्या क्लबच्या, एक रिकामी पुंगळीसुद्धा घरी न्यायची नाही. मी तोच प्रश्न उस्तादांना विचारला.

"बचाव बंदुकीपासून," ते म्हणाले. "जी तुज्या हातात हाय ना, तिच्यापासून. सगल्यांचा बचाव. मंग तुजा."

उस्ताद श्रीवर्धनकडचे. भारतीय सैन्यात त्यांनी हत्यारं शिकवली, निवृत्त झाल्यावर मस्कतला आले आणि इथेच मुरले. विनय हा प्रकार त्यांच्या गावी नव्हता. "माज्यासारखा उस्ताद मस्कतात नाय," असं ते दर शनिवारी सकाळी एकदा तरी म्हणत आणि आम्ही माना डोलावतो की नाही हे पाहत. खिशात कंगवा असे. धुळीनं दाढी विस्कटली की शिकवणं थांबवून ती विंचरत. कुणाचा नेम चुकला तर रागवत नसत, पण कुणाच्या शर्टाचं बटण उघडं दिसलं की संतापत. मॅगझिन, म्हणजे रायफलीची गोळ्यांची पेटी, बदलताना खाली बघायचं नाही, हा दुसऱ्या टप्प्यातला मोठा धडा. मला ते काही केल्या जमेना. "डोळे समोर, बाय! मॅगझिन काय पळून जातंय?" मी घरी टीव्हीचा रिमोट आणि चष्म्याची केस घेऊन सराव करायची. मुलगी म्हणायची, "आई, तू वीअर्ड दिसते."

रायफलीचं तोंड नेहमी खाली, हे तर त्यांच्या अंगातच भिनलं होतं. अल मवालेहच्या भाजीबाजारात ते एकदा मला भेटले, तेव्हा मी दुधी खांद्याला टेकवून चालले होते. लांबून आवाज आला, "नळी खाली, बाय! नळी खाली!" आसपासची चार माणसं थबकली. मी दुधी मुकाट्यानं खाली केला. मग लक्षात आलं की माझ्याबरोबर एका बंगाली पोऱ्यानंही हातातली काकडी खाली केली होती.

त्यांच्या रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, ‘खलास’ या शब्दाला बंदी होती. गल्फमध्ये हा शब्द चहात साखर तसा प्रत्येक बोलण्यात पडतो. काम संपलं खलास, भांडण मिटलं खलास, पेट्रोल भरलं खलास. उस्तादांना तो खपत नसे. "इथं खलास म्हंजे झाला. आमच्या मुंबैला खलास म्हंजे गेला," ते म्हणत. "एकाला वाटतं माजी गोळी संपली, दुसऱ्याला वाटतं रेंज बंद झाली, तो चालला पुढं. नको. बस बोला, नायतर तोंड बंद ठेवा."

आणि ‘बस’ कुणीही म्हणावं. शिकाऊ असो, चहा आणणारा असो. एकानं म्हटलं की ज्याच्या कानी पडेल त्यानं तेच ओरडायचं, कारण सगळ्यांच्या कानांवर इयरमफ. रायफल रिकामी करायची, खाली ठेवायची, मागे सरायचं. आणि एक नियम सगळ्यांच्या वर: ‘बस’ म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

एकदा वर्गीस ओरडला, "बस!" सगळे थांबलो. सालेमचा नेम नुकता कुठे जमत होता. तो चिडून म्हणाला, "लेश, यार? क्यों?" वर्गीस ओशाळून म्हणाला की त्याला एक घोरपडीसारखं काहीतरी पळताना दिसलं, पण ते प्लास्टिकची पिशवीही असू शकेल. आम्ही हसलो. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी वर्गीसला "शाबास" म्हटलं आणि सालेमला चहा होईपर्यंत बाहेर उभं केलं. मोठा इंजिनिअर, पण शाळेतल्या मुलासारखा पत्र्याच्या शेडबाहेर उभा राहिला.

परतताना मी त्यांना म्हटलं, "जरा जास्तच नाही का झालं?"

"आज कारन विचारला," ते म्हणाले, "तर उद्या तो आधी कारन शोधील, मंग बोंबलेल. तेवढ्यात गोळी जाते, बाय."

त्यांची आणखी एक ख्याती होती, ती म्हणजे त्यांची तिरपागडी उत्तरं. "उस्ताद, चहा घेणार?" म्हणून विचारावं तर ते गंभीरपणे सांगत, "डावीकडून. वारा डावीकडून हाय." सालेमनं एकदा खुशाली विचारली, "कैफ अल हाल, उस्ताद?" तर म्हणाले, "चौथ्या नंबरचा बोर्ड बदलायला पायजे." आम्हाला वाटायचं, काय हजरजबाबी माणूस! डोक्यात चोवीस तास रेंज. ती उत्तरं आम्ही घरी जाऊन रंगवून सांगत असू. माझ्याकडे कुणी पाहुणे आले की नवराच फर्माईश करायचा, "अगं, ती वाऱ्याची गोष्ट सांग."

त्या हिवाळ्यात सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं. कानातलं यंत्र आहे, पण ते त्या देव्हाऱ्यात ठेवतात, कारण त्यातून फ्रिजचा आवाज फार येतो. एका शुक्रवारी, नमाजानंतर, मी उस्तादांना जेवायला बोलावलं. ते दोन पपया घेऊन आले, दोन्हींची तोंडं खाली. आधी खिडकीसमोरच्या खुर्चीत बसले, मग उठून खिडकीला पाठ करून बसले. सोलकढी प्याले, सासूबाईंना "माय" म्हणाले, फौजेतल्या गोष्टी सांगितल्या. उत्तम जेवण झालं. ते गेल्यावर सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "भला माणूस आहे. पण ऐकू येत नाही गं त्यांना."

"छे! कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? खिडकीला पाठ करून बसले ते. समोरच्याचं तोंड उजेडात असलं की ओठ वाचता येतात. मी बँकेत तेच करते. तू मागून भात विचारलास, तर त्यांनी तुला मुलाची नोकरी सांगितली."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. वारा डावीकडून. चौथ्या नंबरचा बोर्ड. आम्ही ज्या उत्तरांवर इतके हसलो होतो ती सगळी एकेक करून आठवली. रेंजवर तर काय, सगळेच कान झाकून वावरणार. तिथं बहिऱ्या माणसाला लपायला याहून चांगली जागा कुठली? गळ्यातले ते इयरमफ चहा पितानाही का उतरत नव्हते, तेही कळलं. वाईट वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ भयंकर राग आला. ज्या माणसाचा सगळा कारभार एका शब्दावर चालतो, त्यालाच तो शब्द ऐकू येत नव्हता!

शनिवारी रेंजवरून येताना मी त्यांना वादी अदाईला त्यांच्या खोलीवर सोडत असे. त्या दिवशी चहाच्या टपरीसमोर गाडी उभी केली, हॉर्न दिला, दोन करक चहा सांगितले आणि विषय काढला. त्यांनी मान वळवून बाहेर डोंगराकडे बघायला सुरुवात केली. बोलणं बंद करायची त्यांची तीच पद्धत होती. तोंडच बघितलं नाही की ऐकायचा प्रश्न नाही. मीही हट्टाची. चहा आला तेव्हा पेला घ्यायला त्यांना वळावंच लागलं.

"उस्ताद, तुम्हाला ऐकू येत नाही."

"पपई गोड निघाली काय?"

"उस्ताद."

त्यांनी पेला डॅशबोर्डवर ठेवला. मग म्हणाले, "उजव्या कानाचा तर गेलाच. डाव्यात वाईच हाय. कवाकवा."

"क्लबला सांगितलंत?"

"सांगितला तर तिकीट काढून देतील." ते हसायला गेले, ते काही जमलं नाही. "तिकडं घर हाय, विहीर हाय, सून चांगली हाय. खायला-प्यायला कमी नाय. पन तिकडं मना उस्ताद कोन म्हनेल गो? अब्बा, जेवलात काय. अब्बा, ऊन हाय, आत बसा. बस, तेवढाच."

मी म्हटलं, "रेंजवर माणसं असतात, उस्ताद. जिवंत."

"म्हनून तर तुला खरा सांगितला. एक शनवार ऱ्हायला हाय. परीक्षा झाली की मी सोता ऑफिसात जातो न् सांगतो. तवर तू माज्या डाव्या अंगाला उभी ऱ्हा. कोन बस बोलला तर हात वर कर. मी तुज्याकडं बगत ऱ्हाईन."

दुसरा कुणी असता तर मी ऐकलं नसतं. पण त्यांनी आयुष्यात कधी कुणाची विनवणी केली नसावी. करताना ते इतके अवघडले होते की मीच हो म्हणून त्यांची सुटका केली.

शेवटच्या शनिवारी हवा स्वच्छ होती. मी त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे. परीक्षा म्हणजे लाकडी आडोशाआडून गुडघ्यावर बसून नेम, मग चालत पुढच्या आडोशाकडे, मध्ये मॅगझिन बदलायचं, अडकलेली गोळी काढायची. उस्ताद दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघत. मी मान हलवली की पुढे जात. माझी स्वतःची परीक्षा झाली. मॅगझिन बदलताना मी खाली बघितलं नाही, आणि ते त्यांनी बघितलं. त्यांनी दाढीवरून हात फिरवला. आमच्या भाषेत ते पहिला नंबर आल्यासारखं होतं.

शेवटी राहिला वर्गीस. बिचारा घामाघूम. त्याचं संपलं, उस्तादांनी रायफल तपासून अंगठा वर केला, आणि त्या आनंदात वर्गीसनं इयरमफ उतरवून दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "खलास!"

इतर वेळी उस्तादांनी त्याला तिथेच सोलून काढला असता. पण त्यांनी ते ऐकलंच नाही. आणि सालेमनं ऐकलं. त्याला वाटलं, रेंज बंद. आपल्या कागदावर किती भोकं पडली ते बघायला तो बाजूच्या मातीच्या बांधाआडून पुढे निघाला. आम्ही सगळे वर्गीसकडे बघत होतो.

उस्तादांची एक पद्धत होती. कोर्स संपला की भाषण द्यायचं नाही. स्वतः रायफल घ्यायची, डावीकडच्या पहिल्या बोर्डापासून सुरुवात करून उजवीकडच्या शेवटच्या बोर्डापर्यंत एकेक गोळी घालत जायचं आणि मग "जावा घरी" म्हणायचं. त्यांनी रायफल भरली, खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. आणि उजवीकडच्या शेवटच्या बोर्डामागून सालेमची पांढरी टोपी वर आली.

"बस!" मी किंचाळले. माझ्या मागून वर्गीस, ते दोघे भाऊ, सगळे ओरडले, "बस! बस!" मी हात वर केला. पण नेमावर डोळा असलेल्या माणसाला मागे दोन पावलांवरचा हात कसा दिसणार? त्यांना धक्का देणं तर त्याहून वाईट. बोट चापावर होतं. रायफल सावकाश उजवीकडे सरकत होती.

मी काय केलं ते विचार करून केलं असं मी म्हणणार नाही. दोन पावलं पुढे गेले, त्यांच्या शेजारी, अगदी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, आणि पहिल्या दिवशी बसले होते तशीच धप्पकन खाली बसले. खडीवर. मांडी घालून.

रायफल थांबली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. बोट चापावरून निघालं. मॅगझिन निघालं, आतली गोळी निघून खडीवर टणकन पडली. रायफल त्यांनी तोंड समोर करून जमिनीवर ठेवली आणि मग, गुडघ्यांवर हात टेकत, माझ्या शेजारी खाली बसले. का म्हणून विचारलं नाही. तो त्यांचाच नियम होता.

मग समोरून सालेम चालत आला, हातात आपला भोकं पडलेला कागद, चेहरा कागदाहून पांढरा. उस्तादांनी त्याला पाहिलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"ओरडली होतीस काय?" त्यांनी मला विचारलं.

"सगळेच ओरडलो."

"मना काय आयकू आला नाय," ते म्हणाले. हे त्यांनी हिंदीत, मोठ्यानं, सगळ्यांसाठी पुन्हा सांगितलं. "मुझे सुनाई नहीं दिया. मुझे सुनाई नहीं देता." मग गळ्यातले इयरमफ काढून सालेमच्या हातात दिले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. ऑफिसकडे गेले ते एकटेच, ताठ. वाटेत कंगवा काढून त्यांनी दाढी विंचरली तेव्हा मला रडू आवरलं नाही. वर्गीस तर केव्हाचा रडत होता.

पुढच्याच महिन्यात ते गावी गेले. सुनेनं श्रीवर्धनला नेऊन दोन्ही कानांत यंत्रं बसवली. आम्ही व्हिडिओवर बोलतो, पण यंत्रं असूनही त्यांना समोरच्याचं तोंड दिसावं लागतं. पहिल्या वेळी म्हणाले, "आता सगला आयकू येतो. सून फोनवर बहिनीला माज्याबद्दल काय सांगते, ते पन."

मी अजून शनिवारी रेंजवर जाते. आता तिथं सालेम शिकवायला मदत करतो आणि शिट्टी असूनही वापरत नाही. त्याच्या तुकडीत ‘बस’ म्हटलं की रायफल रिकामी करून खाली ठेवायची, आणि मग माणसानंही खाली बसायचं. ओमानी, बलुची, मल्याळी, सगळे खडीवर मांडी घालून बसतात. मागे नाशिकचा एक नवा मुलगा हसत म्हणाला, "मॅडम, थांबायचं तर ठीक आहे, पण बसायचं कशाला?" सालेमला मराठी येत नाही, पण प्रश्नाचा सूर त्याला बरोबर कळला. त्यानं त्याला चहा होईपर्यंत शेडबाहेर उभं केलं.

परवा रिकाम्या रायफलींचा सराव चालू असताना मी शेडमधून उस्तादांना फोन लावला. ते विहिरीपाशी उभे होते, बनियनवर, मागे केळी. "ह्यो बगा तुमचा दरबार," मी त्यांच्याच ढंगात म्हटलं आणि फोन तुकडीकडे वळवला. तेवढ्यात नेम धरणाऱ्यांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बस!" आणि एकामागून एक सगळे खाली बसले. सालेम बसला, वर्गीस बसला, नाशिकचा मुलगा बसला.

फोनवर उस्ताद पुढे वाकून बघत होते. आवाज त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, देव जाणे. त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली, गुडघ्यांवर हात टेकले आणि तिथंच, विहिरीच्या ओल्या फरशीवर, मांडी घालून बसले.

मागून सुनेचा घाबरलेला आवाज आला, "अब्बा! काय झाला? चक्कर आली काय?"

"गप गो," उस्ताद म्हणाले. "कारन विचारू नको."